तबकडीवांचून जुनी प्रणाली

लॅपटॉप नवा असतां त्याच्या खोक्यांत काय काय आलें आहे, हें फारसें कोणी बारकाईनें पाहत नाहीं. यंत्र, चार्जर, हमीपत्र आणि वाऱ्यानें उडेल इतकी पातळ माहितीपुस्तिका एवढें हातीं लागलें कीं खोकें माळ्यावर जातें. त्या खोक्यांत एक वस्तु मुळींच नव्हती, याची जाणीव व्हावयास सहा-सात वर्षें लागतात. ती वस्तु म्हणजे यंत्राच्या कार्यप्रणालीची तबकडी. व्यवहारांत जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात तीच ही कार्यप्रणाली. तिच्यावांचून लॅपटॉप म्हणजे पत्रा, प्लास्टिक आणि कांच यांचा एक चपटा डबा होय.

एके काळीं ही तबकडी संगणकाबरोबर मिळत असे. २००० नंतरच्या दशकांत बहुतेक निर्मात्यांनीं ती देणें हळूहळू बंद केलें. तिच्याऐवजीं यंत्राच्या हार्ड डिस्कवरच एक गुप्त कप्पा राखून त्यांत प्रणालीची प्रति ठेवण्याचा प्रघात पडला. जुन्या वाड्यांच्या अंगणाखालीं धान्याचें पेंव असे. वर सारवलेली जमीन, खालीं सालाचें धान्य. ज्याला ठाऊक त्यालाच तें सांपडावयाचें. लॅपटॉपमधील हा कप्पा त्याच जातीचा आहे. फरक इतकाच कीं, वाड्याची भिंत पडली तरी पेंव शाबूत राही. येथें डिस्क बिघडली कीं वरचें आणि खालचें दोन्ही एकदम जातें.

आतां, नवी प्रणाली उपलब्ध असतां जुनीच पुनः बसविण्याचा हट्ट कोणी कशाला धरावा, असा प्रश्न सहज मनांत येईल. हौस म्हणून तसें करणारे थोडे. बहुतेकांना पोटाचा व्यवसाय तसें करावयास लावतो. महाराष्ट्रांतील लहान छापखान्यांचें उदाहरण घ्यावें. मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली ती १९९० च्या आगेमागें. युनिकोड ही आजची सर्वमान्य संकेतपद्धति त्या वेळीं मराठीच्या प्रचारांत आली नव्हती. पुण्याच्या सी-डॅकची आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपि, अशा निरनिराळ्या पद्धति होत्या आणि प्रत्येकीच्या अक्षरसंचाची आंतली मांडणी निराळी होती. त्या काळीं जुळविलेलें पान त्याच अक्षरसंचानें उघडलें तर मराठी दिसतें. एरव्हीं रोमन अक्षरें आणि विरामचिन्हें यांचा गोपाळकाला डोळ्यांपुढें येतो. पानें रचण्याचें काम बहुधा पेजमेकरवर होई. त्याची शेवटची सातवी आवृत्ति २००१ सालीं निघाली. पुढें तो कार्यक्रम वाढलाच नाहीं. कित्येक मराठी कार्यक्रमांना नकलेपासून संरक्षण म्हणून डोंगल, म्हणजे यंत्राला जोडावयाचें एक छोटें कुलूप, असे. त्या कुलुपाला ओळखणारा ड्रायव्हर जुन्या प्रणालीसाठींच लिहिलेला. वीस वर्षांच्या दिवाळी अंकांचीं आणि ग्रंथांचीं पानें अशा रीतीनें एका जुन्या यंत्राच्या जिवावर उभीं असतात. नव्या यंत्राच्या पोटांत जुनें यंत्र आभासानें उभें करण्याची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची, युक्ति आहे. परंतु डोंगल तेथें ओळखला जातोच असें नाहीं, आणि यंत्राबरोबर आलेला परवाना त्या यंत्रापुरताच असतो.

अशा एखाद्या छापखान्यांत २०१० च्या सुमाराचा, विंडोज ७ असलेला लॅपटॉप आहे असें समजूं. २९ जुलै २०१५ पासून एक वर्षपर्यंत मायक्रोसॉफ्टनें विंडोज ७ आणि ८.१ धारण करणारांस विंडोज १० फुकट देऊं केली होती. फुकट मिळालेलें नाकारावें कसें? ती घेतली, आणि दुसऱ्या दिवशीं डोंगलनें डोळे मिटले. परत फिरण्याची सोय होती. पण ती आरंभीं तीस दिवसांची, व पुढें २०१६ सालीं दहा दिवसांवर आणलेली. तेवढा काळ जुनी प्रणाली विंडोज-ओल्ड नांवाच्या फोल्डरांत निजून असते. मुदत संपली कीं तें फोल्डर आपोआप पुसलें जातें. मग एकच मार्ग उरतो: जुनी प्रणाली पहिल्यापासून बसविणें. आणि तबकडी तर नाहीं!

या वेळीं लॅपटॉप उचलून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानांत न्यावा, आणि दुकानदारानें “फॉरमॅट मारून देतों, संध्याकाळीं घेऊन जा” असें म्हणावें, हा सर्वांच्या परिचयाचा प्रसंग आहे. सर्वच दुकानदार वाईट नव्हेत. परंतु फॉरमॅट मारण्याच्या घाईंत गुप्त कप्पाही पुसला जातो, आणि त्याच्या जागीं कोठून तरी उतरविलेली, परवान्याचें कुलूप फोडलेली प्रति बसते. मालकाच्या दृष्टीनें विंडोज ७ परत आली. प्रत्यक्षांत त्यानें पैसे देऊन घेतलेली खरी प्रति गेली आणि खोटी पदरांत पडली. तिच्या आंत आणखी काय शिरलें आहे, तें देव जाणे.

तबकडी असतांना एका वस्तूंत तीन गोष्टी एकत्र नांदत. प्रणालीची प्रति तिच्यावर असे, प्रति वापरण्याच्या अधिकाराची किल्ली तिच्या पाकिटावर असे, आणि त्या विशिष्ट यंत्राच्या भागांना चालविणारे ड्रायव्हर तिच्यांत किंवा तिच्या जोडीच्या तबकडींत असत. तबकडी गेली तेव्हां या तीन गोष्टींची वांटणी झाली. किल्ली यंत्राच्या पाठीवर गेली, प्रति गुप्त कप्प्यांत गेली, आणि ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावर गेले. या तिन्ही गोळा होईपर्यंत डिस्कवरील एक अक्षरही पुसूं नये. सारा पसारा फसतो तो बहुधा येथेंच. प्रणाली बसविण्याची क्रिया स्वतः फारशी अवघड नाहीं.

प्रथम किल्ली. विंडोज ७ च्या काळांतील लॅपटॉप उलटा केला म्हणजे तळाशीं एक रंगीत चिठ्ठी चिकटविलेली दिसते. कांहीं यंत्रांत ती बॅटरी काढल्यावर आंत दिसते. तीवर पांच-पांच अक्षरांचे पांच गट, म्हणजे एकूण पंचवीस अक्षरें व अंक असतात. तळाची उष्णता आणि मांडीवरचें घासणें यांनीं तीं झिजून जातात. आठ वर्षांनीं ८ कोणता आणि बी कोणता हें भिंगांतून पाहूनही सांगतां येत नाहीं. म्हणून चिठ्ठीचें छायाचित्र आजच काढून ठेवावें. चिठ्ठीवर आवृत्तीचें नांवही असतें: होम बेसिक, होम प्रीमियम, प्रोफेशनल. किल्ली त्याच आवृत्तीला लागते; मात्र ३२ बिटी आणि ६४ बिटी या दोन्ही प्रकारांना तीच चालते.

येथें एक चकवा आहे. चालू यंत्रांतून किल्ली वाचून दाखविणारे छोटे कार्यक्रम मिळतात, आणि अनेकजण ती किल्ली टिपून घेऊन निर्धास्त होतात. परंतु मोठे निर्माते कारखान्यांत प्रत्येक यंत्राला निराळी किल्ली घालीत नसत. हजारों यंत्रांना मिळून एकच किल्ली असे. तिच्या जोडीस यंत्राच्या बायोसमधील एक खूण आणि प्रणालींतील एक प्रमाणपत्र हीं असत. तिघांचा मेळ बसला कीं परवाना आपोआप मान्य होई. ती सामाईक किल्ली एकटी टिपून घेतली तर कामास येत नाहीं. कामाची ती चिठ्ठीवरची. २०१२ सालीं विंडोज ८ आल्यावर ही पद्धतही बदलली: किल्ली थेट यंत्राच्या फर्मवेअरमध्यें कोरली जाऊं लागली आणि चिठ्ठीवरचीं अक्षरें नाहींशीं झालीं. अशा यंत्रावर विंडोज ७ बसविण्याचा अधिकार त्याच्या धन्याला असतोच असें नाहीं. प्रो आवृत्तीबरोबर मागच्या व्यावसायिक आवृत्तीकडे जाण्याचा हक्क मिळत असे. घरगुती आवृत्तीबरोबर तो मिळत नसे.

दुसरी गोष्ट प्रति. कंट्रोल पॅनेलमधील डिस्क मॅनेजमेंट उघडलें असतां हार्ड डिस्कचे सारे कप्पे ओळीनें दिसतात. सुमारें दहा ते वीस जीबींचा, ज्याला सी किंवा डी असें अक्षर दिलेलें नाहीं, असा कप्पा आढळला तर पेंव शाबूत आहे असें समजावें. शंभर एमबींचा जो चिमुकला कप्पा दिसतो तो मात्र हा नव्हे. तो विंडोज ७ स्वतःच्या सोयीसाठीं पाडते. यंत्र सुरू होत असतां ठराविक कळ दाबली म्हणजे गुप्त कप्पा जागा होतो. एचपीच्या यंत्रांवर ती एफ ११, असूसच्या यंत्रांवर एफ ९, एसरवर आल्ट आणि एफ १० एकत्र. तोशिबाच्या अनेक यंत्रांवर शून्याची कळ दाबून धरावी लागे. लेनोव्होच्या कित्येक यंत्रांना त्यासाठीं एक निराळें बटणच असतें.

विंडोज १० वर गेलेल्या यंत्रांत पुष्कळदां असें होतें कीं कळ दाबूनही कांहीं घडत नाहीं, आणि मालक कप्पा गेला असें समजून निराश होतो. वास्तविक कप्पा जागेवर असतो; त्याच्याकडे नेणारी वाट तेवढी नव्या प्रणालीनें बुजविलेली असते. डिस्कपार्ट या विंडोजमधील साधनानें त्या कप्प्यास सक्रिय अशी खूण केली तर कांहीं यंत्रें पुढच्या वेळीं थेट त्याच्यांतूनच सुरू होतात. पण त्याच्या आधीं त्या कप्प्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढलीच पाहिजे. क्लोनझिला नांवाचा मोफत कार्यक्रम पेनड्राइव्हवरून चालवून सबंध डिस्कचें जसेंच्या तसें चित्र दुसरीकडे उतरवितां येतें. त्यास दोन-तीन तास लागतात; लागूं द्यावेत. गुप्त कप्पा आपलें काम करूं लागला कीं बहुधा सी ड्राइव्हवरील सर्व मजकूर विचारपूस न करतां पुसून टाकतो, आणि वर सांगितलेलीं वीस वर्षांचीं पानें नेमकीं तेथेंच डेस्कटॉपवर पडलेलीं असावयाचीं.

कप्पा खरोखरच नसला, किंवा डिस्कच जळाली असली, तर बाहेरून प्रति मिळवावी लागते. चिठ्ठीवर जी आवृत्ति आहे तिचीच मायक्रोसॉफ्टची मूळ तबकडी एखाद्या स्नेह्याकडे असेल तर ती चालते, कारण परवाना किल्लींत आहे, तबकडींत नाहीं. तबकडी निराळ्या आवृत्तीची निघाली तरी खचून जाण्याचें कारण नाहीं. विंडोज ७ च्या बहुतेक तबकड्यांवर सर्वच आवृत्त्या असतात. सोर्सेस या फोल्डरमधील ईआय-सीएफजी ही इवलीशी फाइल त्यांपैकीं एकच पुढें करते. नक्कल करतांना ती वगळली तर कोणती आवृत्ति हवी असें यंत्रच विचारतें. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ७ उतरवून घेण्याची सोय कांहीं वर्षें होती. गंमत अशी कीं, यंत्राबरोबर आलेल्या किल्ल्या ती नाकारीत असे आणि दुकानांतून सुट्या घेतलेल्याच मानीत असे. आतां ती सोयही उरलेली नाहीं. त्यामुळें अनोळखी ठिकाणांहून प्रति घेण्याचा मोह होतो. तसें करणें भागच पडलें तर त्या प्रतीचा ठसा तपासावा. संगणकशास्त्रांत प्रत्येक फाइलीवरून गणितानें एक लांब संख्या काढतां येते. एसएचए-१ या रीतीनें निघणारी संख्या चाळीस अंकाक्षरांची असते, आणि मूळ फाइलींत एक टिंब बदललें तरी ती पार निराळी येते. विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेनें ती काढावी आणि मायक्रोसॉफ्टनें त्या काळीं प्रसिद्ध केलेल्या संख्येशीं ताडून पाहावी. जुळली नाहीं तर ती प्रति कितीही सोईची असली तरी टाकून द्यावी.

तिसरी गोष्ट ड्रायव्हर, आणि खरा घोटाळा होतो तो येथें. जुन्या प्रणालीला तिच्या जन्मानंतर निपजलेले भाग ओळखतां येत नाहींत. याचा पहिला मोठा अनुभव लोकांना २००७ सालीं आला. त्या वर्षाच्या जानेवारींत विंडोज व्हिस्टा बाजारांत आली. ती मंद म्हणून अनेकांना रुचली नाहीं, आणि नवे लॅपटॉप घेऊन लोक त्यांवर जुनी एक्सपी बसवूं लागले. एक्सपीची तबकडी घालावी, निळा पडदा यावा, भागांची मोजदाद सुरू व्हावी, आणि मध्येंच सारें थांबून ज्याच्या शेवटीं ७बी आहे असा एक गूढ क्रमांक उमटावा. तबकडी खराब, यंत्र खराब, नशीब खराब, असे सर्व तर्क होत. खरें कारण साधें होतें. नव्या लॅपटॉपांत हार्ड डिस्कशीं बोलण्याची एएचसीआय नांवाची नवी रीत होती, आणि २००१ सालीं निघालेल्या एक्सपीला ती बोली येत नव्हती. डिस्क समोर असूनही तिला ती दिसत नसे. उपाय तबकडींतच सुचविलेला असे: एफ ६ ही कळ दाबा आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घाला. फ्लॉपी! त्या लॅपटॉपांना फ्लॉपी घालावयास जागाच नव्हती. अखेर दोन वाटा निघाल्या. बायोसमध्यें जाऊन डिस्कला तात्पुरती जुनी आयडीई बोली बोलावयास लावावी, किंवा एनलाइटसारख्या साधनानें तो ड्रायव्हर प्रतींतच मिसळून नवी तबकडी तयार करावी.

हीच कथा पुढें विंडोज ७ च्या वांट्यास आली. तिला एएचसीआय येतें, पण यूएसबी ३ येत नाहीं. २०१५ नंतरच्या इंटेलच्या यंत्रांतून जुनी यूएसबी व्यवस्थाच काढून टाकलेली आहे. पेनड्राइव्हवरून विंडोज ७ सुरू करावी तर आरंभ ठीक होतो, आणि मग ज्या पेनड्राइव्हवरून ती आली तोच तिला दिसेनासा होतो. पडद्यावर मात्र सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नाहीं अशी दिशाभूल करणारी तक्रार येते. एनव्हीएमई जातीच्या नव्या डिस्का, यूईएफआय फर्मवेअरमधील सिक्युअर बूट नांवाचा पहारा, हे सारे तिच्या नंतरचे. पहारा उठवून आणि सीएसएम ही जुन्या रीतीची सोय चालू करून कांहीं यंत्रांवर मार्ग निघतो. अगदीं नव्या यंत्रांत ती सोयही नसते. म्हणून लॅपटॉप कोणत्या सालचा आहे हें पाहूनच हात घालावा. २०१० च्या छापखान्याच्या यंत्राला यांतील कोणतीच अडचण नाहीं, ही त्यांतल्या त्यांत सुदैवाची गोष्ट.

ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून यंत्राच्या नेमक्या क्रमांकाप्रमाणें उतरवून पेनड्राइव्हवर आधींच ठेवावेत. निदान नेटवर्कचा तरी ठेवावाच. तो नसला तर इंटरनेट नाहीं, आणि इंटरनेट नाहीं म्हणून तो उतरवितां येत नाहीं, अशा फेऱ्यांत माणूस सांपडतो. निर्मात्यानें जुनीं पानें काढून टाकलीं असलीं तर डिव्हाइस मॅनेजरमध्यें त्या भागाचा ओळखक्रमांक पाहावा. त्यांतील पहिला गट भाग घडविणाराचा असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. घडविणारा कळला कीं ड्रायव्हरचा माग निघतो.

इतकी सामग्री जमली म्हणजे मग बसविणें. जुने कार्यक्रम हेंच ज्याचें प्रयोजन त्यानें ३२ बिटी प्रकार निवडावा, कारण १६ बिटी जुने कार्यक्रम ६४ बिटी विंडोजवर मुळींच चालत नाहींत. चार जीबींहून अधिक स्मृतीचा उपयोग त्यांत होत नाहीं; पेजमेकरला तेवढी लागतही नाहीं. बसवून झाल्यावर आधीं चिपसेटचा ड्रायव्हर, मग चित्राचा, ध्वनीचा, नेटवर्कचा. आणि नेटवर्कची तार? ती इतक्यांत जोडूं नये.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. विंडोज ७ ची तबकडी फार तर सर्व्हिस पॅक १ ची, म्हणजे २०११ सालची असते. आज बसविलेली प्रणाली त्या दिवशींच्या अवस्थेंत जागी होते आणि नंतर सांपडलेलें प्रत्येक छिद्र तिला जसेंच्या तसें असतें. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाचा कीटक जगभर पसरला आणि ब्रिटनमधील रुग्णालयांचीं कामें खोळंबलीं. तो ज्या छिद्रांतून शिरला तें बुजविणारी दुरुस्ती त्याच वर्षीं मार्चमध्यें निघाली होती. ज्यांनीं ती घेतली नव्हती तीं यंत्रें बळी पडलीं, आणि त्यांत विंडोज ७ चींच बहुसंख्य होतीं. पुढची अडचण अशी कीं, २०१९ पासून मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांवर नव्या पद्धतीची सही असते, आणि ताज्या बसविलेल्या विंडोज ७ ला ती सही वाचतां येत नाहीं. म्हणून केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ या दोन दुरुस्त्या दुसऱ्या यंत्रावर उतरवून, पेनड्राइव्हनें आणून हातानें घालाव्या लागतात. त्यानंतरच उरलेल्या घेतां येतात. १४ जानेवारी २०२० रोजीं सर्वसामान्यांसाठीं विंडोज ७ ची देखभाल संपली. एक्सपीची ८ एप्रिल २०१४ रोजींच संपली होती. दुरुस्त्या घेऊन आणि चिठ्ठीवरच्या किल्लीनें परवाना नोंदवून झाला कीं तार काढून टाकावी, वायफाय बंद करावें, आणि बँकेचा व पत्रांचा व्यवहार दुसऱ्या यंत्रावर ठेवावा. पानें न्यावयाचीं-आणावयाचीं तीं पेनड्राइव्हनें, आणि पेनड्राइव्ह लावतांच त्यावरचें कांहींही आपोआप सुरू होणार नाहीं अशी व्यवस्था आधीं करून.

यानंतर अक्षरसंच, पेजमेकर आणि डोंगलचा ड्रायव्हर घालून एखादें जुनें पान उघडून पाहावें. जोडाक्षरें, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या जागच्या जागीं आल्या म्हणजे लगेच, दुसरें कांहीं काम न करतां, सबंध डिस्कचें चित्र पुनः एकदां क्लोनझिलानें दोन निरनिराळ्या बाह्य डिस्कांवर उतरवावें. त्यांतील एक घरीं आणि एक छापखान्यांत ठेवावी. डिस्कवर कागद चिकटवून त्यावर यंत्राचा क्रमांक, प्रणालीची आवृत्ति आणि तारीख शाईनें लिहावी. खोक्यांत जी तबकडी आली नव्हती ती हीच.